वेण्णा लेकला दव गोठतं, मग आल्प्सची झाडं साताऱ्यात का कुजतात?

दर हिवाळ्यात महाबळेश्वरच्या वेण्णा लेकच्या काठावर दव गोठल्याचे फोटो फिरतात आणि त्यामागोमाग हा प्रश्न येतो: ‘एवढी थंडी पडते, तर आल्प्समधली सेम्परव्हायवम (मांसल पानांच्या झुबक्यांची बुटकी झाडं) आपल्याकडे सहज यायला हवीत. मग मागवलेली रोपं जुलैत पाणी पाणी होऊन का जातात?’ तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर.

आधी रोप खरंच सेम्परव्हायवम आहे का ते बघा. ‘हेन अँड चिक्स’ (कोंबडी आणि पिल्लं) म्हणून विकलं जाणारं बरंचसं रोप मेक्सिकोतलं एचेव्हेरिया असतं. पान बोटांत धरा. एचेव्हेरियाचं पान जाड, गुळगुळीत, बऱ्याचदा पांढरी भुकटी लावल्यासारखं, आणि बोट फिरवलं की ती भुकटी पुसली जाते. सेम्परव्हायवमचं पान पातळ, टोकदार. उजेडाकडे धरलं तर कडेला पापणीसारखी बारीक लव दिसते. एचेव्हेरियाचं सुटं पान मातीवर ठेवलं तर मुळं धरतं, सेम्परव्हायवमचं नुसतं वाळून जातं. एचेव्हेरियाचा फुलांचा दांडा पानांच्या बगलेतून निघतो आणि झाड पुढे जगतं. सेम्परव्हायवममध्ये मधला गाभाच उंच होतो, फुलतो आणि तो झुबका मरतो. तेव्हा फुलल्यावर मेलं तर तुमचं काही चुकलेलं नाही, बाजूला फुटलेली पिल्लं पुढे चालू असतात.

आता थंडीचं. उणे वीस अंश हे झाड सोसतं, पण सोसणं म्हणजे लागणं नव्हे. आल्प्स, पिरेनीज, बाल्कन, कॉकेशस इथल्या उतारांवर ते खडकाच्या फटीत, मूठभर खड्यांत वाढतं. हिवाळ्यात अंगावर बर्फाची गोधडी असते, पण मुळाशी पाणी तुंबलेलं नसतं. युरोपात ते घराच्या छपरावर लावायची जुनी चाल आहे, इ. स. ८०० च्या सुमाराच्या सम्राट शार्लमेनच्या एका हुकुमात माळ्यानं आपल्या घरावर हे झाड ठेवावं असं चक्क लिहिलंय. छपरावर माती ती किती असणार! त्याला मारते ती ऊब आणि ओल यांची जोडी, आणि आपला पावसाळा म्हणजे नेमकी तीच जोडी. म्हणून महाबळेश्वर, थंड असूनही, या झाडांसाठी जिल्ह्यातली सगळ्यात वाईट जागा. साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, वर आठवडेच्या आठवडे धुकं. छप्पर घातलं तरी हवा ओलीच. सातारा शहर, वाई, कोरेगाव बरं. माण-खटाव त्याहून बरं. सांगली-मिरजेला पावसापेक्षा एप्रिल-मेच्या उबदार रात्री नडतात: हे झाड पानांची छिद्रं रात्री उघडून हवा घेतं, आणि रात्र गार झालीच नाही तर त्याचं ते काम नीट होत नाही.

खर्च करायचा तो खतावर नव्हे, खडीवर आणि छपरावर. आठ इंच रुंद, चार-पाच इंच खोल मातीची पसरट कुंडी घ्या. मिश्रण असं: क्रशरवरची ३ ते ६ मिलिमीटरची काळ्या दगडाची बारीक खडी सहा भाग, तेवढ्याच जाडीचा भाजक्या विटांचा चुरा दोन भाग, चाळलेली लाल माती एक भाग, जुनं कुजलेलं पालापाचोळ्याचं खत एक भाग. खडी आणि चुरा रव्याच्या चाळणीतून काढा आणि खाली पडेल ती पूड टाकून द्या; ती पूडच पुढे चिखल होऊन फटी बुजवते. मळीची काळी माती चमचाभरही नको. ती भिजली की फुगते, वाळली की चिरते आणि बारीक मुळं तोडते. कुंडी भरून लोटाभर पाणी ओता. दहा मोजेपर्यंत खालून धार लागली पाहिजे. वर तळं साचलं तर अजून खडी.

कुंडीच्या तळाशी खापऱ्यांचा थर द्यायची आपल्याकडची सवय इथे मोडावी लागते. बारीक मिश्रणातलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही, वरचं मिश्रण पूर्ण भिजेपर्यंत तिथेच अडून राहतं. म्हणजे थर दिल्यानं ओल उलट मुळांच्या जवळ आणली. भिजलेला स्पंज आडवा धरा, पाणी गळायचं थांबलं की उभा धरा. आणखी पाणी निथळतं. उथळ कुंडी म्हणजे आडवा स्पंज, म्हणून तिच्यात मिश्रण अधिक जाडंभरडं लागतं. भोकावर जाळीचा तुकडा ठेवा आणि तळापासून वरपर्यंत एकच मिश्रण भरा.

जमिनीवर रॉकरी, म्हणजे दगडांतली बाग, करायची तर नुसता मातीचा ढीग करून त्यात दगड खोचू नका. त्याला आम्ही तरी रॉकरी म्हणत नाही. खाली १५ सेंटिमीटर डबर (उंची भरपूर, म्हणून इथे तळाचा थर चालतो), त्यावर वरचंच मिश्रण, एकूण उंची निदान ४५ सेंटिमीटर, उतार पूर्वेला, म्हणजे अकरापर्यंतचं ऊन मिळतं आणि दुपारचं टळतं. सगळ्यात चांगली जमते ती फटींची रॉकरी, चेक बागवानांनी रुळवलेली पद्धत. आपल्याकडे तिला शहाबादी फरशीचे तुटके तुकडे उत्तम: उभे, एकमेकांना समांतर, निम्मे गाडलेले, मध्ये दोन-तीन सेंटिमीटर फट, फटीत खडी ठासून. रोप लावताना मुळं धुऊन, फटीत उभी सोडून, बाजूनं खडी कोंबायची. पानांचा झुबका दगडावर टेकला पाहिजे, मातीवर नाही.

ही युक्ती परकी वाटत असेल तर सज्जनगडच्या कड्याकडे बघा. तिथली शिंदळ माकुडी (शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका, आधी साताऱ्याला ब्रिटिश रेसिडेंट आणि पुढे मुंबईचे गव्हर्नर झालेल्या बार्टल फ्रेअर यांच्यावरून) हीसुद्धा मांसल खोडाचीच, आणि तुमच्या सेम्परव्हायवमपेक्षा जास्त पाऊस झेलते. कारण एकच, कड्याच्या फटीत पाणी थांबत नाही. ती दुर्मिळ आहे, बघून या, उपटून आणू नका.

पाणी ऑक्टोबर ते फेब्रुवारी आठ-दहा दिवसांनी, तेही कुंडीत खोचलेली उदबत्तीची काडी कोरडी निघाली तरच. मार्च ते मे झाड मिटून बसतं, रंग उतरतो. ते तहानेनं नव्हे, उन्हाळी झोप आहे. तेव्हा बारा-पंधरा दिवसांनी, पहाटे, कडेकडेनं थोडं पाणी द्यायचं आणि अकरानंतर ५० टक्क्यांची शेडनेट ओढायची. सुकलंय म्हणून भर दुपारी तापलेल्या कुंडीत पाणी ओतलं की मुळं अक्षरशः शिजतात. काळ्या खडीचा वरचा थरही तापतो, त्यावर जांभ्याचे कडक तुकडे पसरले तर बरं.

खालची पानं कागदासारखी वाळली तर काढून टाका, तो वाढीचा भाग. पण पानं शिजवलेल्या कांद्यासारखी पारदर्शक झाली, झुबका बोटानं हलवला की डुगडुगला, तर कूज आहे. लगेच उपटा, खोड पातळ पातळ चकत्या करत कापा, तपकिरी ठिपका दिसेनासा होईपर्यंत. मग तीन-चार दिवस सावलीत वाळवून कोरड्या खडीवर नुसतं ठेवा, आठवडाभर पाणी नाही. बुरशीनाशक लावून कापलेली जागा वाचते, बिनानिचऱ्याची कुंडी वाचत नाही. मुळांवर कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण; मुळं धुऊन जुनं मिश्रण फेकून द्या.

पिल्लं तोडायला ऑक्टोबर-नोव्हेंबर. आईशी जोडणारा देठ तपकिरी होऊन वाळला की पिल्लू स्वतःच्या मुळांवर आलं समजा. हिरव्या देठावर घाई करू नका.

आणि छप्पर: मेच्या शेवटी पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा पत्रा, रोपांपासून हातभर वर, तिरका, चारही बाजू मोकळ्या. बाजू बंद केल्या की आत वाफारा होतो आणि छप्पर असून कूज येते. वारा कमी समजू नका, साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पवनचक्क्या उगाच नाहीत. पत्रा चारी कोपऱ्यांना तारेनं बांधा. गणपती गेले, ऊन पडलं, म्हणून पत्रा काढू नका. माण, जत, आटपाडीकडे परतीच्या पावसाचाच जोर असतो, आणि चार महिने कोरडी राहिलेली रोपं त्या दोन-तीन सरींत जातात. दसरा होऊ द्या, आकाश आठवडाभर निरभ्र राहू द्या, मग काढा.