तुम्ही विचारलंत म्हणून: मुलांच्या कविता मीच लिहून देते का?

मी शाळेत मुलांचे लिहिण्याचे तास घेते, त्यामुळे कुठेही गेलं की कोणीतरी विचारतंच, ताई, पाचवी-सहावीची पोरं प्राण्यांवर एवढं लिहितात, तुम्हीच करून देता ना? नाही हो. मी फक्त खोडते.

पहिल्या तासाला सगळ्यांचा जंगलचा राजा सिंह. आंबोलीपासून तासाभरावर राहणारी पोरं ही, जिथे वर्षाला ७००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि २००९ साली जगासमोर आलेला आंबोली टोड नावाचा बेडूक राहतो, आणि लिहितात काय तर सिंह! वर पान-छान, झाड-पहाड, आणि शेवटी झाडे लावा झाडे जगवा. तिथे मी सरळ रेघ मारते. मुलांना काही वाटत नाही, पालकांचे फोन येतात.

मग एकच प्राणी द्यायचा आणि तो करतो काय तेवढंच सांगायचं. मलबारी उडता बेडूक घ्या. पावसाळ्यात पाण्यावर झुकलेल्या पानांवर मादी मागच्या पायांनी फेस घुसळते, अंडी त्या फेसात, आणि शेपटीवाली पिल्लं तयार झाली की टपाटप खाली पाण्यात. "आणि खाली पाणी नसलं तर?" हे मागच्या बाकावरून आलं, मी नव्हतं विचारलं. त्याची गोष्ट तिथेच सुरू झाली, आईचा डबक्याचा अंदाज चुकतो ती.

धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते, दार विष्ठेबिष्ठेने लिंपते, बारीक फट ठेवते, त्यातून नर तिला फळं भरवतो. यावर एका मुलीने चार ओळी दिल्या:

आलास?
चोच आत घाल.
परत उंबरच?
बरं, दे.

खाली पाचवी ओळ होती, "किती सुंदर पक्षी हा धनेश". ती मी खोडली, दोन दिवस बोलली नाही माझ्याशी.

फसतं पण. शेकरूचा फोटो दाखवून लिहा म्हटलं तर अख्ख्या वर्गाने "शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे" लिहून दिलं, चूक माझीच, फोटो बघून पोरांना परीक्षाच आठवते. पुढच्या वेळी एवढंच सांगितलं की ते मागच्या पायांवर उलटं लटकून खातं, तर ही मैदानातल्या बारला लटकून पार्ले-जी खायला लागली, एकाला ठसका लागला, बाई माझ्यावर ओरडल्या. पण त्या दिवशीच्या वह्यांमध्ये राज्यप्राणी कुठेच नव्हता, "बिस्किट वर जातं की खाली" हे होतं.

काहींना यूट्यूबमुळे ॲमेझॉनच हवं असतं. असू दे. स्लॉथ म्हणून तिथला एक झाडावर राहणारा सुस्त प्राणी, तो साधारण आठवड्यातून एकदा झाडावरून खाली उतरतो, आणि कशाला तर शी करायला, हे सांगितलं की पुढची दहा मिनिटं वर्ग हातात राहत नाही. त्यावरची सगळ्यात चांगली कविता शाळेने भिंतीवर लावू दिली नाही. माझ्याकडे आहे, आलात तर दाखवेन.