मारिकुप्पम : खाणी थांबल्यानंतरचे सोन्याचे गाव

कर्नाटकातील कोलार शहर आणि सोन्याच्या खाणींचे कोलार गोल्ड फील्ड्स ही दोन निरनिराळी ठिकाणे असून त्यांच्यामध्ये सुमारे तीस किलोमीटरचे अंतर आहे, हे इंदूरहून निघणाऱ्याने आरक्षण करण्यापूर्वीच लक्षात घ्यावे. आम्ही विमानाने बंगळुरूला गेलो आणि तेथून रेल्वेने पुढे निघालो. बंगारपेट जंक्शनपासून १८९४ मध्ये खाणींसाठी घातलेला एक छोटा लोहमार्ग फुटतो आणि कोरोमंडल, उरगाम, चॅम्पियन ही स्थानके घेत याच खाणींच्या भागातील मारिकुप्पमला संपतो. बंगळुरूहून थेट मारिकुप्पमपर्यंत जाणाऱ्या गाड्याही आहेत; मात्र त्यांच्या वेळा तिकडच्या नोकरदारांच्या सोयीने ठरलेल्या असल्याने परतीची गाडी आधी पाहून ठेवावी.

या परिसरात जॉन टेलर अँड सन्स या इंग्रज कंपनीने १८८० मध्ये पाय रोवले आणि पुढील शंभरहून अधिक वर्षांत येथून सुमारे ८०० टन सोने निघाले. चॅम्पियन रीफ खाण तीन किलोमीटरपेक्षा खोल गेली. खाणींना वीज मिळावी म्हणून १९०२ मध्ये कावेरीवरील शिवनसमुद्रापासून सुमारे १४७ किलोमीटर लांबीची वाहिनी टाकण्यात आली. बंगळुरूच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले ते त्यानंतर, १९०५ मध्ये. याच चॅम्पियन रीफमध्ये २.३ किलोमीटर खोलीवर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी व ब्रिटिश सहकाऱ्यांसह १९६५ मध्ये वातावरणात निर्माण होणाऱ्या न्यूट्रिनो या अतिसूक्ष्म कणांची नोंद केली. हे सारे वाचून जाणाऱ्याची अपेक्षा साहजिकच खाणीत उतरण्याची असते. परंतु खाणी २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद झाल्या, त्यांत पाणी भरले आहे आणि आत जाण्याचा कोणताही मार्ग पर्यटकाला खुला नाही. बाहेरून दिसतात ते लोखंडी मनोरे, गंजलेली चाके आणि कुंपणे. छायाचित्रे रस्त्यावरून घ्यावीत, आवारात शिरायचे असल्यास भारत गोल्ड माइन्स या सरकारी कंपनीच्या कार्यालयाची परवानगी मागावी, आणि पडक्या इमारतींच्या आसपास वाट सोडून चालू नये.

आमच्या मते येथे जायचे ते माणसांसाठी. मजुरांच्या वसाहतींना येथे ‘लाइन’ म्हणतात. एकमेकींना टेकलेल्या एक-दोन खोल्यांच्या घरांच्या त्या रांगांतून चालताना साहेबांचे प्रशस्त बंगले फार दूर नाहीत हे लक्षात येते आणि जुन्या व्यवस्थेची उतरंड कोणी समजावून न देताही कळते. खाणकामगार प्रामुख्याने तमिळ प्रदेशातून, त्यातही उत्तर आर्काटमधून आले आणि त्यांतील बहुसंख्य दलित होते. डॉ. आंबेडकरांचे जन्मस्थान महू आमच्या इंदूरपासून जवळच असल्यामुळे आम्हाला विशेष भावलेली बाब ही, की तमिळ दलित विचारवंत पंडित अयोत्तिदास यांच्या शाक्य बौद्ध चळवळीने विसाव्या शतकाच्या आरंभीच या खाणकामगारांमध्ये मूळ धरले होते. नागपूरची १९५६ ची धम्मदीक्षा आपल्याला ठाऊक असते. तिच्या कितीतरी आधी जमिनीखाली राबणाऱ्या माणसांनी येथे बुद्धाचा विचार स्वीकारला, सभा घेतल्या, शिक्षणाचा आग्रह धरला. महाराष्ट्रातून किंवा माळव्यातून येणाऱ्या प्रत्येकाने हा इतिहास येथील वडीलधाऱ्यांना आवर्जून विचारावा.

निवृत्त खाणकामगार बोलायला उत्सुक असतात, परंतु घाई केल्यास मोकळे होत नाहीत. घराघरांत तमिळ बोलली जाते. आम्हाला बंगारपेटच्या एका तरुणाने दुभाष्याचे काम करून दिले आणि त्याच्या दिवसभराच्या वेळेचा मोबदला आम्ही आधीच ठरवला होता, तसा तो ठरवावा. वृद्धांना ‘अय्या’ आणि ‘अम्मा’ म्हटले की संवाद सोपा होतो. खोल गेल्यावरची उष्णता, खडक अचानक फुटून होणारे अपघात, धुळीने जडलेला फुप्फुसांचा आजार आणि राहत्या घराची मालकी हे विषय वारंवार निघतात. इंदूरच्या बंद पडलेल्या हुकुमचंद मिलच्या कामगारांनी थकीत रकमेसाठी तीन दशके वाट पाहिली आणि डिसेंबर २०२३ मध्ये २२४ कोटी रुपयांच्या धनादेशाने तो प्रश्न सुटला, हे आम्ही सांगितले तेव्हा एका आजोबांनी ‘किती जण तोवर जिवंत राहिले?’ एवढेच विचारले. परदेशीपुरा या इंदूरच्या गिरणी कामगारांच्या वस्तीत वाढलेल्या आमच्यातील एकाला त्यावर काही बोलता आले नाही.

तरुण पिढी पहाटेच्या गाडीने बंगळुरू गाठते आणि रात्री परतते. काहींना १९६४ पासून येथे असलेल्या बीईएमएल या अवजड यंत्रे बनवणाऱ्या सरकारी कंपनीच्या कारखान्याने आधार दिला, परंतु खाणीइतकी कामे दुसऱ्या कशानेही दिली नाहीत.

गावाच्या कडेला पिवळट-करड्या टेकड्या दिसतात. त्या निसर्गाच्या नव्हेत. दळलेल्या दगडातून सायनाइडने सोने काढून घेतल्यावर उरलेल्या चुऱ्याचे ते ढीग आहेत. त्यांवर चढून छायाचित्रे काढणारे लोक आम्ही पाहिले. हे करू नये. वाऱ्याच्या दिवसांत हीच धूळ घराघरांत शिरते, म्हणून मास्क जवळ ठेवावा आणि मुलांना दूर ठेवावे. २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने यांतील १३ ढिगांवर पुन्हा खाणकाम करण्याच्या केंद्राच्या प्रस्तावाला संमती दिली. स्थानिकांना त्यातून रोजगाराची आशा आहे आणि धुळीची धास्तीही आहे. दोन्ही रास्त आहेत असे आम्हाला वाटते.

जेवणासाठी रॉबर्टसनपेटच्या बाजारपेठेत जावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम, आणि मुक्काम बंगळुरूत ठेवला तरी चालतो. वेळ उरल्यास कम्मसंद्र्याचे कोटिलिंगेश्वर मंदिर पाहता येते. परंतु आमचा सल्ला असा, की तो वेळ कोलारला द्यावा. कोलार शहाजीराजांच्या जहागिरीत होते आणि तेथील कोलारम्मा व सोमेश्वर ही दोन्ही जुनी मंदिरे पाहण्यासारखी आहेत. त्यासाठी सकाळीच मारिकुप्पम गाठावे, दुपारी रॉबर्टसनपेटहून कोलारची बस धरावी आणि तेथून रस्त्याने बंगळुरूला परतावे.