जनता पुढे का पळत होती

मागच्या वेळी तोऱ्यात लिहिलं होतं, की जुन्या बाजारातल्या एचएमटी जनता या चावीच्या घड्याळाची सर्व्हिस झाली, आता फक्त केसचं पॉलिश. ते शब्द गिळते. चावी दिली, टिकटिक सुरू झाली आणि तासाभरात बाईसाहेब चार मिनिटं पुढे. टाइमग्राफरवर (टिकटिक ऐकून चाल मोजणारं यंत्र) सरळ रेघ सोडाच, नुसते ठिपके सांडलेले.

एवढं पळतंय म्हणजे घड्याळात चुंबकत्व शिरलंय, हे आपल्याला पाठ. होकायंत्राचा काटा ढिम्म, तरी हट्टाने चुंबकत्व घालवणाऱ्या डिमॅग्नेटायझरच्या निळ्या डबीवर चार वेळा धरलं. फरक शून्य. मग तेलाचा संशय. बॅलन्स, म्हणजे मागेपुढे झुलणारं चाक, त्याला धरणाऱ्या पट्टीसकट (कॉक) लायटरच्या पेट्रोलमध्ये बुचकळला (स्पिरिट नको, बॅलन्सखालच्या रोलर चकतीचा खडा धरणारी लाख विरघळते), ब्लोअरने वाळवला. पुन्हा चार मिनिटं. तीन रात्री यातच गेल्या.

शेवटी भिंगावर फोन टेकवून स्लो मोशन घेतलं. हेअरस्प्रिंग, म्हणजे बॅलन्सला झुलवणारी केसासारखी गुंडाळी, चहूकडून सारखी फुलायला हवी. ही एका बाजूला दबून राहत होती. चाल कमीजास्त करणाऱ्या रेग्युलेटरच्या दोन पिनांमध्ये एकच वेटोळं असतं ना? इथे बाहेरून दुसरंही जाऊन बसलेलं! म्हणजे सगळ्यात लांबीचं वेटोळं कामातून बाद, स्प्रिंग आखूड, बॅलन्स घाईत. कॉक उचलताना बॅलन्स लोंबकळत सोडला होता, तेव्हाच झोका बसला असणार. धुताना तरी दिसायला हवं होतं.

शिवणाच्या बारीक सुईने वेटोळं हलकेच खाली दाबलं आणि ते टुक करून सुटलं. आवाज झाला नसणार, पण मला ऐकू आला. स्वस्तातल्या चिमट्याची टोकं एकमेकांना भेटतच नाहीत, म्हणून सुईवर वेळ आली. नव्याने शिकणाऱ्यांनो, आधी ५ नंबरचा चांगला चिमटा घ्या, स्क्रूड्रायव्हरचा संच नंतर.

आता डायल वर असताना दिवसाला १४ सेकंद पुढे, अँप्लिट्यूड, म्हणजे बॅलन्सचा झोका, २६८ अंश. तासाला १८,००० बीटच्या (टिकटिकींच्या) म्हाताऱ्या मशिनला आणखी काय हवं? पण डायल खाली केली की २२०. म्हणजे डायलकडचा पॅराशॉक (बॅलन्सच्या टोकाला धक्क्यापासून जपणारा, स्प्रिंगने धरलेला खडा) कोरडा किंवा मळका. स्प्रिंग उडेल या भीतीने तो मी उघडलाच नव्हता, कबूल.

तेव्हा पॉलिश पुढे ढकललं. उद्याच पॅराशॉक उघडणार होते, पण लिहिता लिहिता सुचलं: डब्यात एक मेलेलं जनता मशिन पडलंय. आधी त्याच्या पॅराशॉकची स्प्रिंग दहा वेळा काढून घालते, तीही पारदर्शक पिशवीत हात घालून.