महामारीतलं आमचं जुन्या थाटाचं लग्न

11 मार्च 2020 ला जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महामारी म्हटलं, तेव्हा आमच्या यादीत 240 नावं होती. नियम बदलत गेले तशी ती 100 वर आली, मग 50 वर, शेवटी 20. नावं खोडायला आम्ही दोघं रात्री बसायचो. काकांना "तुम्ही स्क्रीनवरून या" हे सांगताना माझ्या तोंडून शब्द फुटेना.

एक मात्र सोडलं नाही. विधी नकोत, नोंदणी करायची, एकमेकांसाठी लिहिलेली चार वाक्यं वाचायची आणि सगळा थाट 1930 च्या दशकातला, हे आधीच ठरलं होतं. महायुद्ध आणि 1918 चा फ्लू दोन्ही पाहिलेली माणसं पुढे साटीन आणि मणी अंगावर घालून नाचली, याचा मला त्या दिवसांत फार आधार वाटायचा.

त्या काळच्या गाऊनचं गुपित म्हणजे उरेब कापणी. मादलेन व्हिओने या पॅरिसच्या ड्रेसमेकर बाईंनी ती गाजवली. कापड तिरकं कापलं की ते अंगावरून पाण्यासारखं ओघळतं. पण शिवायला महाकठीण. शिंप्यांची दुकानं बंद, म्हणून मावशी व्हिडिओवरून सांगायची आणि मी शिवायचे. तिने एक गोष्ट बजावली होती: खालची दुमड लगेच घालायची नाही. गाऊन आधी टांगून ठेवायचा, कारण उरेब कापड स्वतःच्या वजनाने लोंबतं, तेही सगळीकडे सारखं नाही. मी दोन दिवस टांगला. एका बाजूला चांगला दीड इंच खाली उतरला होता. घाई केली असती तर लग्नाच्या दिवशी घेर वाकडा दिसला असता.

वर घालायला एक जुनं, टिकल्यांनी भरलेलं जाकीट ऑनलाइन घेतलं होतं. घालून बघायची सोय नव्हती, म्हणून विकणाऱ्या बाईंकडून ते सपाट पसरून घेतलेली मापं मागवली. (जुन्या कपड्यावरच्या नंबरावर कधीच जाऊ नका, आजच्या मापांशी तो जुळत नाही.) पार्सल आल्यावर चुण्या काढायला मी वाफेची इस्त्री तापवली. मावशी ओरडलीच, "थांब! आधी एक टिकली गरम पाण्यात टाक." आतल्या शिवणीतली एक सैल टिकली वाटीत टाकली. कडा वितळल्या, मग ती चिकट झाली, आणि बघता बघता पाण्यात फक्त दोऱ्याचा तुकडा उरला. त्या काळी टिकल्या जिलेटिनच्याही बनत. पाणी, वाफ, घाम, काहीच त्यांना चालत नाही.

आता पंचाईत अशी की संसर्गाच्या भीतीने लग्न उघड्यावर करायचं ठरवलं होतं, आणि आभाळ भरलेलं. शेवटी तीन बाजूंनी मोकळी, वर छप्पर असलेली जागा धरली. हवा खेळती आणि जाकीटही कोरडं. खुर्च्या घरागणिक गटाने मांडल्या. पार्लर बंद होतं, त्यामुळे ओल्या केसांत जेल लावून बोटाने आणि कंगव्याने लाटा बसवायला मी घरीच शिकले. त्यात महिना गेला.

सगळ्यात जास्त जीव लावला तो चावीच्या ग्रामोफोनवर. मिनिटाला 78 फेऱ्यांची दहा इंची तबकडी एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं वाजते, तेवढ्यात आम्ही चालत पुढे पोचायचं होतं. तालमीत कळलं की स्क्रीनवरच्यांना ऐकूच येत नव्हतं. व्हिडिओ कॉलचं अ‍ॅप संगीताला गोंगाट समजून दाबून टाकत होतं. सेटिंगमध्ये शोधून मूळ आवाजाचा पर्याय चालू केला आणि फोन कर्ण्यापासून हातभर लांब ठेवला.

लग्नाच्या दिवशी तबकडी संपली तेव्हा आम्ही पोचलो होतो. सुई शेवटच्या खाचेत खरखरत राहिली. ती उचलायला कोणी उठेना, आणि स्क्रीनवरून आजीचा आवाज आला, "राहू दे गं, वाजू दे."