वाईट स्थितीतला खेळाडू

बुद्धिबळाच्या गप्पा बहुतेक वेळा हल्ल्यांभोवती फिरतात. मिखाईल ताल १९६० साली वयाच्या तेविसाव्या वर्षी जगज्जेता झाला तो मोहऱ्यांचे बळी देत, आणि त्याचे ते डाव मलाही आजवर पुन्हापुन्हा लावून पाहावेसे वाटतात. तरीही पटावर इतकी वर्षे घालवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की खेळाडूची पारख त्याच्या वाईट स्थितीत होते. डाव आपल्या बाजूने असला की चांगली चाल पुष्कळदा आपोआप दिसते. अडचणीत मात्र प्रत्येक चाल नकोशी असते आणि त्यांतली सर्वांत कमी नकोशी कोणती, हे घड्याळ चालू असताना थंड डोक्याने ठरवावे लागते.

या बाबतीत मला सोव्हिएत जगज्जेता तिग्रान पेट्रोशियनइतका मोठा खेळाडू दुसरा दिसत नाही. १९५३ च्या झुरिक येथील स्पर्धेत अमेरिकेच्या सॅम्युएल रेशेव्हस्कीविरुद्ध तो काळ्या मोहऱ्यांनी खेळत होता आणि पांढऱ्याची मधली प्यादी पुढे सरकण्याच्या बेतात होती. आपला घोडा डी ५ घरावर (पटावरच्या प्रत्येक घराला असे अक्षर आणि अंकाचे नाव असते) पोहोचला तर ती प्यादी जागच्या जागी थोपतील, हे पेट्रोशियनने हेरले; पण घोड्याला ज्या ई ७ घरावरून जायचे होते तेथे त्याचा स्वतःचाच हत्ती उभा होता. पंचविसाव्या चालीला त्याने तो हत्ती एक घर पुढे, थेट उंटाच्या माऱ्यात, सरकवला. रेशेव्हस्कीने उंट देऊन हत्ती घेतला, घोडा डी ५ वर जाऊन बसला आणि डाव बरोबरीत सुटला. या चालीत ना शह आहे, ना धमकी. हत्तीची किंमत उंटापेक्षा जास्त हे आपण पहिल्याच धड्यात शिकतो. या स्थितीत ती जास्त नाही, हे पटावर बसून ओळखणे फार कठीण आहे, आणि म्हणूनच मी ती चाल तालच्या कोणत्याही बळीच्या बरोबरीने मानतो.

चीनच्या डिंग लिरेनचा विचार केल्याशिवाय मात्र हा विषय पुरा होत नाही. २०२३ च्या जगज्जेतेपदाच्या सामन्यात अस्ताना येथे रशियाच्या नेपोम्नियाचीविरुद्धच्या शेवटच्या जलद डावात, शह पुन्हापुन्हा स्वीकारून बरोबरी घेण्याऐवजी त्याने आपला हत्ती शह अडवायला राजासमोर घातला, स्वतःहून जखडून घेतला, म्हणजे तेथून हलवता येणार नाही असा करून ठेवला, आणि जगज्जेतेपद जिंकले. पुढच्याच वर्षी सिंगापूरमध्ये, गुकेशविरुद्ध जगज्जेतेपद राखण्याच्या सामन्यातील चौदाव्या, शेवटच्या डावात, एक प्यादे कमी असूनही त्याची स्थिती राखता येण्यासारखी होती. पंचावन्नाव्या चालीला त्याने हत्तींची अदलाबदल पुढे केली. त्याचा उंट ए ८ च्या कोपऱ्यात होता; कोपऱ्यातल्या उंटाला एकच तिरपी रेष मिळते, आणि गुकेशने त्याच रेषेवर डी ५ ला आपला उंट ठेवताच उंटांचीही अदलाबदल अटळ झाली. उरले फक्त राजे आणि प्यादी, आणि एका जादा प्याद्याने डाव संपला. अठरा वर्षांच्या गुकेशने बरोबरीसारख्या दिसणाऱ्या स्थितीत चिकाटीने प्रश्न विचारत राहणे, हा त्या विजयाचा मोठा भाग आहे, आणि केवळ डिंगच्या चुकीची चर्चा करणारे लोक गुकेशवर अन्याय करतात.

डिंगच्या त्या चालीआधी संगणकाचे मूल्यमापन बरोबरी दाखवत होते. ते खरेच होते, पण ती बरोबरी टिकवायला किती अचूक चाली लागतील आणि चौदाव्या डावाच्या पाचव्या तासाकडे झुकलेल्या माणसाला त्या किती जड जातील, हे त्या आकड्यात येत नाही. म्हणून नवा विद्यार्थी आला की मी त्याचे जिंकलेले डाव मागत नाही. एक प्यादे कमी असलेली हत्तींची स्थिती लावतो, कमकुवत बाजू त्याच्याकडे देतो, आणि तो हत्ती मागे खेचून नुसता पहारा देत बसतो की त्याला पुढे काढून माझ्या राजाला सतावतो, तेवढे पाहतो.