पाट, विटा आणि कपड्यांचे चिमटे

माझा मुलगा सात वर्षांचा आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे स्नायूंवर नीट ताबा राहत नाही. त्यातला स्पास्टिक डायप्लेजिया हा प्रकार, म्हणजे हातांपेक्षा पाय जास्त ताठ. चार वर्षांचा असताना तो माझी बोटं धरून चवड्यांवर चालायचा, गुडघ्याला गुडघा घासत. थेरपीसाठी आठवड्यातून एकदा वाईहून साताऱ्याला एसटीने जायचो. थेरपिस्ट मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "इथला पाऊण तास माझा, बाकी आठवडा तुमचा."

त्या आठवड्याचं काय करायचं हे समजायला मला वर्ष लागलं. आधी मी नुसते पाय ताणायचे, तेही चुकीचे. चवडा धरून वर ढकलायचे. त्याने पोटरी ताणलीच जात नाही, पाऊल मध्येच वाकतं. मॅडमनी माझा हात धरून दाखवलं. गुडघा सरळ, टाच आपल्या तळहातात घट्ट, ती खाली ओढायची आणि मनगटाच्या वरचा हात त्याच्या तळव्याला टेकवून हळूहळू रेटायचं. मनात तीस आकडे. झटका दिला की पाय उलट जास्त ताठतो.

सासूबाईंचा भर मालिशवर. "रोज तेल जिरव, सुटतील पाय." मालिश मी बंद केली नाही, त्याला आवडते. पण तिने ताकद येत नाही. ताठ पाय म्हणजे दणकट पाय असं मलाही वाटायचं, प्रत्यक्षात ते स्नायू कमजोर असतात.

ताकदीसाठी उठबस. दोन विटांवर पाट, टाचा जमिनीला, हात न टेकता उठायचं, दहा-दहा वेळा तीनदा. रोज रडारड व्हायची. एकदा मी कपडे वाळत घालत होते, तो पाटावर बसला होता, म्हटलं चिमटा दे. त्याने खाली वाकून डब्यातून चिमटा काढला, उठून दिला, बसला. तब्बल एकवीस चिमटे दिले! तेव्हापासून आमची उठबस गच्चीवरच. आता पाठीवरच्या दप्तरात किलोभर तांदूळ असतात. ओट्याला धरून आडवं चालत चमचे जागेवर ठेवायचं कामही त्याचंच, त्याने कमरेच्या बाजूचे स्नायू कामाला लागतात.

स्प्लिंटच्या, म्हणजे पाऊल आणि घोटा नीट धरून ठेवणाऱ्या आधाराच्या, बाबतीत मात्र मी चुकले. नवीन स्प्लिंट घातल्यावर घोट्यावर लाल डाग दिसला, म्हटलं सवय होईल. तिसऱ्या दिवशी फोड आला आणि आठ दिवस पायात काही घालता येईना. स्प्लिंट काढल्यावर अर्ध्या तासात लाली गेली नाही, तर स्प्लिंट दुरुस्तीला न्यायची. हे मला आधी माहीत असायला हवं होतं.

गेल्या वर्षी तो भराभर उंच झाला आणि टेकू लागलेल्या टाचा परत उचलल्या. मी रात्रभर रडले. हाड भराभर वाढतं, ताठ स्नायूला तेवढं जमत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. पोटऱ्यांत बोटॉक्सची, म्हणजे ताठ स्नायू तात्पुरते सैल करणारी, इंजेक्शनं दिली. त्यांचा असर साधारण तीन महिने, म्हणून त्या तीन महिन्यांत आम्ही एकही दिवस चुकवला नाही. उन्हाळ्याची सुट्टी त्यातच गेली.

आता तो वॉकर घेऊन कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत जातो. पाट जितका खाली, तितकं उठणं अवघड. परवा पाटाखालची एक वीट काढून पाहिली. चौथ्या चिमट्याला धपकन बसला. वीट परत लावली.