भूगोलाच्या बाई

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावेत असे पत्र आले, तेव्हा मला आधी भूगोलाच्या बाई आठवल्या. नववीत असताना पाठांतराला माझा ठाम विरोध होता आणि कोणी दरडावले की मी उलट प्रश्न विचारत असे. बाई नव्यानेच रुजू झाल्या होत्या. कृष्णा रोज डोळ्यांसमोर वाहत असताना ती नकाशात कशाला घोकायची, असे मी भर तासाला त्यांना विचारले. त्या रागावल्या नाहीत. फळ्यावर महाबळेश्वरापासून रेघ ओढत, माहुलीला वेण्णा आणि कऱ्हाडला कोयना तिला मिळवून देत त्या सांगलीपर्यंत आल्या, पुढे आपल्या हरिपूरपाशी वारणाही तिला मिळवून दिली आणि म्हणाल्या, "आता तूच सांग, इथे कडक ऊन पडलेले असतानाही आयर्विन पुलापाशी पाणी का चढते?"

त्या दिवसापासून मी बाईंच्या प्रेमात पडलो, आणि हे लिहिताना मला संकोच वाटत नाही. इतर तासांना माझे बंड चालूच राहिले. मात्र भूगोलाच्या तासाआधी फळा स्वच्छ पुसलेला असे आणि तो मीच पुसलेला असे. खडूची पूड लागलेली त्यांची बोटे आणि नकाशावर नदीचे नाव प्रवाहाच्या वळणाने लिहिण्याची त्यांची पद्धत मला आजही स्पष्ट आठवते. पावसाळ्यात मी सायकलने पुलावर जाऊन पाण्याची पातळी वहीत टिपू लागलो. इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट, हे आकडे तेव्हापासून मनात पक्के बसले आहेत.

वर्गात कुजबुज होणारच होती. एके दिवशी कोणीतरी फळ्यावर माझे नाव बाईंच्या नावाशेजारी लिहिले. बाईंनी ते वाचले, पुसले आणि नेहमीच्या आवाजात धडा सुरू केला. मधल्या सुट्टीत त्यांनी मला शिक्षक-खोलीत बोलावले आणि सर्व शिक्षकांदेखत माझी वही मागितली. कोयनेच्या पाणलोटातला पाऊस आणि धरणातून सोडलेले पाणी यांचे आकडे वर्तमानपत्रातून घेऊन पातळीशेजारी लिहीत जा, एवढेच त्या बोलल्या. माझ्या भावनेला त्यांनी खतपाणी घातले नाही आणि तिची चेष्टाही होऊ दिली नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या हट्टी मुलाशी इतक्या सांभाळून वागणे किती अवघड असते, हे मला स्वतः बाप झाल्यावर कळले.

पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली. निरोपाच्या कार्यक्रमात माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. ही स्मरणिका जुन्या शिक्षकांनाही पाठवली जाणार आहे असे समजते, म्हणून इथेच लिहितो: बाई, त्या दिवशी तुम्ही मला वर्गासमोर उभे केले नाही, याबद्दल मी तुमचा कायमचा ऋणी आहे.